घटक ४ : ख्रिस्ती सेवाकार्यातील पाचारण आणि उपदेश – संकल्पना, शब्द आणि मराठी परंपरा

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस :

• 'पाचारण' आणि 'उपदेश' या दोन संज्ञांचा ख्रिस्ती सेवाकार्यातील अर्थ स्पष्ट करता येईल.
• या दोन संकल्पनांचा परस्परसंबंध भाषावैज्ञानिक दृष्टीने सांगता येईल.
• ख्रिस्ती उपदेशाने मराठीत पुराण, कीर्तन, भजन आणि अनुवाद या मार्गांनी कोणती रूपे घेतली, याचा परामर्श घेता येईल.
• धर्मोपदेशकाच्या बोलण्याला अधिकार कोठून येतो आणि त्या अधिकाराला मर्यादा कोणत्या, याविषयी स्वतःचे मत साधार मांडता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण मराठीतील संप्रदायांची भाषा अभ्यासली. महानुभावांचे निरूपण, वारकऱ्यांचे कीर्तन, सूफींची मराठी रचना यांचा परिचय करून घेताना एक गोष्ट आपल्या ध्यानात आली असेल. धर्मविचार भाषेतून लोकांपर्यंत पोहोचतो, आणि पोहोचता पोहोचता भाषेलाही घडवतो. प्रस्तुत घटकात आपण ख्रिस्ती परंपरेकडे वळणार आहोत.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ख्रिस्ती लेखकांची नोंद बहुधा व्याकरण, कोश, मुद्रण आणि नियतकालिके यांच्या संदर्भात घेतली जाते. ती योग्यच आहे. परंतु ही सारी कामे ज्या मूळ कामासाठी उभी राहिली, ते काम बोलण्याचे होते. लोकांसमोर उभे राहून काही सांगणे, म्हणजेच उपदेश, हे त्या कार्याचे केंद्र होते. हे बोलण्याचा अधिकार मला कोणी दिला, या प्रश्नाला त्या परंपरेने दिलेले उत्तर म्हणजे 'पाचारण'. म्हणून या दोन संकल्पनांचा विचार एकत्र करावा लागतो.

येथे आपली भूमिका भाषेच्या अभ्यासकाची आहे. एखाद्या श्रद्धेचे समर्थन वा खंडन करणे हा या घटकाचा हेतू नाही. श्रद्धेची भाषा कशी चालते, हे समजून घेणे हा आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ 'पाचारण' : शब्द आणि व्याकरण

मराठीत एखाद्याला बोलावण्यासाठी अनेक शब्द आहेत. 'हाक मारणे' ही सर्वसामान्य क्रिया झाली. 'बोलावणे' घरगुती आहे. 'निमंत्रण' आणि 'आमंत्रण' पाहुण्याला जाते, आणि ते नाकारण्याची मुभा पाहुण्याला असते. 'पाचारण' मात्र वेगळे. आजच्या वृत्तपत्रांत 'अग्निशामक दलास पाचारण करण्यात आले', 'लष्कराला पाचारण करावे लागले' अशी वाक्ये आपण वाचतो. या वाक्यांतून पाचारणाचे तीन अर्थघटक हाती लागतात. बोलावणाऱ्याला तसा अधिकार आहे, प्रसंग निकडीचा आहे आणि ज्याला बोलावले त्याने येऊन विवक्षित काम करायचे आहे. केवळ येऊन बसायचे असेल, तर ते पाचारण नव्हे.

मराठी बायबलच्या अनुवादकांनी देवाच्या बोलावण्यासाठी हा शब्द स्वीकारला, यात भाषेची चांगली जाण दिसते. मूळ ग्रीक 'क्लेसिस' या नामाचा अर्थ बोलावणे असा आहे आणि ते 'हाक मारणे' या अर्थाच्या धातूपासून आले आहे. याच धातूपासून बनलेल्या 'एक्लेसिया' या शब्दासाठी मराठीत 'मंडळी' ही संज्ञा रूढ झाली. 'मंडळी' या शब्दातून एकत्र जमलेल्यांचा बोध होतो, परंतु मूळ शब्दातील 'हाक ऐकून बाहेर आलेले' ही छटा त्यात उरत नाही. अनुवादात काही मिळते आणि काही सुटते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

'पाचारण' शब्दाची तुलना 'आवाहन' या शब्दाशी करून पाहा. षोडशोपचार पूजेत पहिला उपचार आवाहनाचा असतो. तेथे भक्त देवतेला बोलावतो. पाचारणात बोलावणारा देव असतो आणि बोलावला जातो तो माणूस. दोन्ही शब्दांचा गाभा एकच असला, तरी हाकेची दिशा उलट आहे.

आता या शब्दाचे व्याकरण पाहू. पुढील दोन वाक्ये शेजारी ठेवा :

(अ) मला पाचारण झाले.
(आ) मी उपदेश केला.

पहिल्या वाक्यात 'मला' हे रूप आहे. 'मला भूक लागली', 'मला आठवले', 'मला राग आला' या वाक्यांतील 'मला'शी त्याचे नाते आहे. भाषाविज्ञानात अशा घटकाला 'अनुभवकर्ता' म्हणतात. क्रिया त्याच्या बाबतीत घडते, तो ती घडवीत नाही. दुसऱ्या वाक्यात 'मी' हा क्रिया करणारा आहे. 'मी पाचारण केले' असे म्हटले, की बोलावणारा मी ठरतो आणि अर्थ पालटतो. 'मी पाचारण घेतले' हे तर मराठी वाक्यच होत नाही. 'दीक्षा' घेता येते, 'उपदेश' घेता येतो, 'संन्यास' घेता येतो, परंतु पाचारण घेता येत नाही. ते व्हावे लागते. ख्रिस्ती धर्मविचारात पाचारणाविषयी जे पानेच्या पाने लिहिले गेले, त्याचा सारांश मराठीच्या या एका विभक्तिरूपात साठवलेला आहे.

४.२.२ बायबलमधील पाचारणकथा

बायबलच्या जुन्या आणि नव्या करारांत पाचारणाच्या अनेक कथा आहेत. त्या बारकाईने वाचल्यास त्यांत एक समान आकृतिबंध आढळतो. हाक येते, ऐकणारा अडखळतो किंवा नकार देतो, त्याच्या हरकतीला उत्तर मिळते आणि मग त्याला कामगिरीवर पाठवले जाते.

मोशेची कथा सर्वपरिचित आहे. मेंढरे चारीत असताना जळत असूनही भस्म न होणाऱ्या झुडपातून त्याला हाक येते. इजिप्तच्या राजापुढे जाऊन आपल्या लोकांची सुटका मागण्याची कामगिरी त्याच्यावर सोपवली जाते. मोशे एकामागून एक अडचणी सांगतो, आणि त्यांतली एक अशी, की आपली जीभ जड आहे, आपल्याला बोलता येत नाही. बोलण्याच्या कामासाठी निवड झाली ती न बोलता येणाऱ्याची! अखेर त्याचा भाऊ अहरोन त्याच्या वतीने बोलेल, असे ठरते. यिर्मया आपल्या कोवळ्या वयाची सबब पुढे करतो. यशयाला आपले ओठ अशुद्ध असल्याची जाणीव होते. योना तर निनवे नगरीकडे न जाता उलट दिशेच्या जहाजात बसून पळ काढतो. आमोस हा मेंढरे राखणारा आणि उंबराच्या झाडांची निगा करणारा माणूस. आपण संदेष्टा नव्हतो, संदेष्ट्याचा पुत्रही नव्हतो, असे तो स्पष्टपणे सांगतो. म्हणजे बोलण्याचा हा अधिकार त्याला वारसाहक्काने आलेला नाही.

बाल शमुवेलाची कथा आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. रात्री त्याला हाक ऐकू येते. वृद्ध याजक एली याने बोलावले असे समजून तो तीनदा त्याच्याकडे धावत जातो. ही हाक वेगळी आहे, हे अखेरीस एलीच्या ध्यानात येते आणि तो मुलाला उत्तर कसे द्यावे ते शिकवतो. हाक एकट्याला आली, पण ती ओळखण्यासाठी दुसऱ्याची गरज लागली.

नव्या करारात गालील समुद्राकाठी जाळी टाकणारे शिमोन पेत्र आणि अंद्रिया, तसेच जकातीच्या नाक्यावर बसलेला मत्तय यांना येशू आपल्यामागे येण्यास सांगतो. या प्रसंगांचे वर्णन अत्यंत थोडक्या शब्दांत केलेले आहे. पौलाचा प्रसंग मात्र नाट्यमय आहे. छळ करण्यासाठी दिमिष्काच्या वाटेवर असलेला हा माणूस प्रकाशाने दिपून जमिनीवर कोसळतो. तरीही त्याच्या पाचारणाची पूर्तता त्या वाटेवर होत नाही. शहरातील हनन्या नावाचा शिष्य भीत भीत त्याच्याकडे जाऊन त्याच्यावर हात ठेवतो, तेव्हा ती होते.

४.२.३ 'उपदेश' : दवंडी देणाऱ्याचे बोलणे

'उपदेश' या शब्दाला मराठीत दोन जुन्या छटा आहेत. पहिली गुरूपदेशाची. 'अमक्या गुरूंचा उपदेश घेतला' असे म्हटले, की गुरूने शिष्याला एकांतात मंत्र दिला, असा अर्थ होतो. दुसरी नीतीच्या शिकवणीची. या दुसऱ्या छटेला आज थोडी अप्रियता चिकटली आहे. 'उपदेशाचे डोस पाजणे' हा वाक्प्रचार त्याची साक्ष देतो.

ख्रिस्ती उपदेशाचा मूळ आशय या दोन्हींहून निराळा आहे. नव्या करारात उपदेशासाठी जे ग्रीक शब्द येतात, त्यांतील एक प्रमुख शब्द 'केरुक्स' म्हणजे राजाचा घोषक या शब्दाशी संबंधित आहे. आपल्या गावगाड्यातील दवंडी देणारा डोळ्यांसमोर आणा. तो चावडीपासून निघतो, ठिकठिकाणी थांबतो आणि ठरलेला मजकूर मोठ्याने सांगतो. मजकूर त्याचा स्वतःचा नसतो. त्यात भर घालण्याचा वा काटछाट करण्याचा अधिकार त्याला नसतो. त्याचे बोलणे गोड आहे की नाही याला फारसे महत्त्व नसते. ते स्पष्ट ऐकू येणे आणि खरे असणे याला असते. आणि तो एका कानात सांगत नाही, साऱ्या गावाला सांगतो. सार्वजनिकता, परक्या मजकुराशी इमान आणि स्पष्टता ही ख्रिस्ती उपदेशाची तीन मूलभूत लक्षणे या प्रतिमेतून कळतात.

पुढे या घोषणेचे शास्त्र तयार झाले. संत ऑगस्टीन हा मूळचा वक्तृत्वशास्त्राचा शिक्षक होता. ख्रिस्ती शिकवणीवरील आपल्या ग्रंथाच्या शेवटच्या भागात त्याने रोमन वक्ता सिसेरो याच्या आधारे उपदेशकाची तीन कामे सांगितली : शिकवणे, रिझवणे आणि मन वळवणे. शिकवणे हे अपरिहार्य, बाकीची दोन त्याच्या सेवेत, असा त्याचा क्रम आहे. आपल्या कीर्तनकारांनाही हा क्रम अनोळखी वाटणार नाही.

पाचारण आणि उपदेश यांना जोडणारा दुवा पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सापडतो. तेथे तो प्रश्नांची एक साखळी गुंफतो. तिचा आशय असा : लोक देवाचा धावा करतील, पण त्यासाठी विश्वास हवा, विश्वासासाठी ऐकायला हवे, ऐकण्यासाठी कोणी सांगणारा हवा, आणि सांगणाऱ्याला कोणी तरी पाठवलेले असायला हवे. या साखळीचे पहिले टोक धाव्याचे आहे, शेवटचे टोक पाठवणीचे. पाठवणी नसेल, तर उपदेश हे केवळ एका माणसाचे मत उरते. उपदेश नसेल, तर पाचारण हा त्या माणसाचा खासगी अनुभव राहतो.

४.२.४ पाचारणाची पारख

'मला पाचारण झाले' हे विधान पडताळून कसे पाहायचे? येथे भाषाविज्ञानातील वाक्-कृतीचा सिद्धान्त उपयोगी पडतो. जे. एल. ऑस्टिन या ब्रिटिश तत्त्वचिंतकाच्या व्याख्यानांचे पुस्तक १९६२ साली प्रसिद्ध झाले. काही वाक्ये माहिती देत नाहीत, ती कृतीच करतात, असे त्याने दाखवून दिले. 'मी ही सभा संपल्याचे जाहीर करतो' हे वाक्य अध्यक्षाने उच्चारले, तर सभा संपते. तेच वाक्य मागच्या रांगेतील श्रोत्याने उच्चारले, तर हशा पिकतो. शब्द तेच, व्याकरण तेच. फरक आहे तो अधिकाराचा. अशा वाक्-कृती सफल होण्यासाठी बोलणारा, प्रसंग आणि रीत यांच्या काही अटी पूर्ण व्हाव्या लागतात.

चर्चच्या निरनिराळ्या शाखांनी या अटी आपापल्या परीने घालून दिल्या आहेत. कॅथलिक परंपरेत गुरुदीक्षा हा संस्कार आहे. दीर्घ प्रशिक्षणानंतर दीक्षाविधीत उमेदवाराचे नाव पुकारले जाते आणि तो आपण हजर असल्याचे उत्तर देतो. बिशप त्याच्या मस्तकावर हात ठेवून त्याला दीक्षा देतात. शमुवेलाच्या कथेतील हाक आणि उत्तर यांची जोडी येथे विधीच्या रूपाने पुन्हा येते. सोळाव्या शतकातील धर्मसुधारक जॉन कॅल्विन याने अंतरीचे पाचारण आणि मंडळीने केलेले बाह्य पाचारण असा भेद केला. पहिल्याची साक्ष ज्याची त्याला, दुसऱ्याची साक्ष सर्वांना. कोणत्याही एकावर भागत नाही, असा त्यामागचा विचार आहे. मार्टिन ल्यूथरने या संकल्पनेची कक्षा आणखी रुंदावली. पाचारण केवळ धर्मगुरूला होत नाही. चांभार, शेतकरी, गृहिणी यांचे रोजचे प्रामाणिक काम हेही पाचारणच होय, असे त्याने प्रतिपादन केले. त्याच्या लेखनामुळे जर्मन भाषेतील 'बेरुफ' या शब्दाला पाचारण आणि व्यवसाय असे दोन्ही अर्थ कायमचे मिळाले. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याने विसाव्या शतकाच्या आरंभी या शब्दाच्या आधारे आधुनिक भांडवलशाहीच्या मनोवृत्तीची मीमांसा केली, हे आपण समाजशास्त्राच्या अभ्यासपत्रिकेत वाचले असेल.

---

स्वयं-अध्ययन प्रश्न

एका वाक्यात उत्तरे लिहा.
१) 'मला पाचारण झाले' या वाक्यातील 'मला' हा घटक कोणत्या भूमिकेत आहे?
२) दवंडी देणाऱ्याच्या प्रतिमेतून उपदेशाची कोणती तीन लक्षणे कळतात?
३) कॅल्विनने पाचारणाचे कोणते दोन प्रकार मानले?

---

४.२.५ मराठीतील परंपरा : पुराण, कीर्तन आणि अनुवाद

पुराण. इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ साली मृत्यू येईपर्यंत साष्टीच्या परिसरात राहिला. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग येतो. धर्मशिक्षणाच्या वेळी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का देत नाही? या प्रश्नाचे उत्तर म्हणून ग्रंथ उभा राहतो. ऐकणाऱ्यांना गद्य प्रश्नोत्तरांची शिकवण मिळत होती. त्यांना हवी होती ती ऐकण्याची सवय झालेली ओवी. स्टीफन्सने मराठीची निवड का केली, हेही प्रस्तावनेत सांगितले आहे. दैवी विषयासाठी त्याला ही भाषा योग्य वाटली आणि सामान्यांना कळावे म्हणून त्याने तीत कोकणीचे सोपे शब्द मिसळले. दवंडी स्पष्ट ऐकू यावी, हेच सूत्र येथे दिसते.

कीर्तन. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत आले. १८३१ साली अहमदनगरचे केंद्र सुरू झाले आणि १८४२ साली तेथून 'ज्ञानोदय' निघू लागले. आरंभीचा उपदेश बाजारात, यात्रेत, झाडाखाली उभे राहून केलेल्या भाषणांचा असे. ही पद्धत परकी होती, आणि तिची भाषाही परकी वाटे. शब्द मराठी, पण वाक्यांची ठेवण निराळी, अशा या बोलण्याला 'मिशनरी मराठी' असे नाव पडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या देशी ख्रिस्ती मंडळींनी कीर्तनाचा आकृतिबंध हाती घेतला. कृष्णराव रत्नाजी सांगळे हे या प्रकारातील महत्त्वाचे नाव. पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण, मध्यंतरी भजन आणि उत्तररंगात आख्यान ही नारदीय कीर्तनाची बांधणी तशीच ठेवून आख्यान बायबलमधील घेतले जाई. टाळ आणि मृदंगाच्या साथीने सांगितलेला उपदेश लोक बसून ऐकू लागले.

येथे एका सामाजिक वस्तुस्थितीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती मंडळींत महार आणि मांग समाजांतून आलेल्यांची संख्या मोठी होती, आणि त्यांतून अनेक शिक्षक व उपदेशक तयार झाले. पवित्र ग्रंथ हाती धरून चारचौघांत उभे राहून बोलणे, ही गोष्ट ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या नाकारली गेली होती, त्यांच्यासाठी पाचारणाची कल्पना केवळ धर्मशास्त्राचा विषय नव्हती. अधिकार जन्माने येत नाही, हाकेने येतो, हे आमोसाच्या कथेतील सूत्र येथे प्रत्यक्ष जगण्यात उतरले. 'बायबल वुमन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रियाही घरोघर जाऊन वाचून दाखवीत. अर्थात मंडळीत आल्याने जातिभेद संपला, असे समजण्याचे कारण नाही. तो पुष्कळ ठिकाणी टिकून राहिला, आणि ख्रिस्ती दलितांनीच पुढे त्याविरुद्ध आवाज उठवला.

अनुवाद. पंडिता रमाबाई यांच्या कार्याचा येथे विशेष उल्लेख केला पाहिजे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे गावोगाव पुराण सांगत फिरत, आणि रमाबाईही लहानपणापासून पुराण सांगत. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर आणि पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारल्यानंतर त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचा अनुवाद करण्यात घालवली. प्रचलित अनुवादाची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. स्वतः संस्कृतच्या पंडिता असलेल्या बाईंनी जाणीवपूर्वक संस्कृत शब्द बाजूला ठेवावेत, हे भाषिक निर्णयाचे विलक्षण उदाहरण होय. १९२२ साली मृत्यूपूर्वी त्यांनी हे काम पूर्ण केले आणि १९२४ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्याची छपाई मुक्ती मिशनच्याच छापखान्यात झाली. जवळच्या काळात हाच वारसा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'मध्ये दिसतो. वसईच्या 'सुवार्ता' मासिकाचे संपादक राहिलेले दिब्रिटो २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

४.२.६ नारायण वामन टिळक : पाचारणाची किंमत

आतापर्यंत आपण पाचारणाचा विचार संकल्पना म्हणून केला. एका व्यक्तीच्या आयुष्यात ते कसे उतरते, हे पाहण्यासाठी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे चरित्र अभ्यासणे उचित ठरेल.

१८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना नवा करार वाचावयास दिला. तो वाचताना डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. याची झळ केवळ त्यांना बसली नाही. पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्या आश्रयाने राहिल्या, संसार दुभंगला. काही वर्षांनी त्या टिळकांकडे परतल्या आणि पुढे स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी हे सारे ज्या निर्मळ विनोदाने सांगितले आहे, त्यामुळे वाचकाला त्यामागील दुःख अधिकच जाणवते. पाचारणाच्या कथा बहुधा ज्याला हाक आली त्याच्या बाजूने सांगितल्या जातात. त्याच घरात राहणाऱ्या, पण ती हाक न ऐकलेल्या माणसाचे काय होते, हे सांगणारा ग्रंथ म्हणून 'स्मृतिचित्रे' वाचून पाहावा. तसे वाचन आपल्या अभ्यासाला मोठी खोली देईल.

अहमदनगरला टिळकांनी उपदेशकांना शिकवले, 'ज्ञानोदय'चा मराठी भाग संपादित केला आणि शेकडो भजने रचली. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती, आणि ती त्यांच्या अभंगरचनेत पानोपानी प्रत्ययास येते. 'मिशनरी मराठी'ला त्यांनी दिलेले उत्तर वादाचे नव्हते, भजनाचे होते. मराठी ख्रिस्ती उपासनेत त्यांची भजने आजही गायिली जातात.

आयुष्याच्या अखेरीस टिळकांनी आणखी एक पाऊल उचलले. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही या दरबारात येऊ शकत. पगारी उपदेशक म्हणून बोलताना शब्दांना जे वजन येत नाही, ते मोकळेपणी बोलल्याने येईल, असा विचार यामागे दिसतो. भाषेच्या अंगाने सांगायचे, तर त्यांनी आपल्या वाक्-कृतीच्या अटीच बदलल्या. संस्थेने दिलेल्या अधिकाराऐवजी भारतीय समाज ज्याला अधिकार मानतो, त्या त्यागाचा आधार त्यांनी घेतला. अवघ्या दोन वर्षांत त्यांचे निधन झाले. त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

४.२.७ हाक आणि हुकूम

उपदेशामागे सत्ता उभी असली, की हाकेचा हुकूम होतो. गोव्यात १५६० साली धर्मसमीक्षण न्यायालय स्थापन झाले होते, आणि १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेचा वापर बंद करण्याचा आदेश काढला. स्टीफन्सने ज्या भाषेत प्रेमाने ओव्या रचल्या, त्याच प्रदेशातील लोकभाषेवर त्याच्या धर्माच्या राज्यकर्त्यांनी बंदी घातली, हा विरोधाभास विसरून चालणार नाही. उलटपक्षी, उपदेशाला प्रत्युत्तर देण्याची मोकळीक असली, की समाजात संवाद सुरू होतो. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात झालेले जाहीर वादविवाद मराठीतील सार्वजनिक युक्तिवादाच्या इतिहासाचा मोलाचा भाग आहेत.

भारतीय राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदाने सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. 'प्रसार' या शब्दाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्पष्ट केला : आपल्या धर्माची तत्त्वे मांडण्याचा हक्क त्यात येतो, दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. या निर्णयावर पुढे मतभेद झाले. तथापि पाचारणाच्या व्याकरणाशी त्याचे नाते जोडता येते. 'मी त्याला पाचारण करवले' हे वाक्य ख्रिस्ती धर्मविचारातही बसत नाही. दवंडी देणारा मजकूर सांगतो, आणि पुढच्या घराकडे जातो. दार उघडायचे की नाही, हे घरातल्या माणसाने ठरवायचे असते.

४.३ सारांश

पाचारण होते आणि उपदेश केला जातो. पहिल्यात माणूस अनुभवकर्ता असतो, दुसऱ्यात कर्ता. बायबलमधील पाचारणकथांत हाक, हरकत, उत्तर आणि पाठवणी असा आकृतिबंध आढळतो, आणि एकट्याला आलेल्या हाकेची पारख समुदाय करतो. उपदेश ही मूलतः घोषणा आहे. सार्वजनिकता, मजकुराशी इमान आणि स्पष्टता ही तिची लक्षणे. स्पष्टतेच्या या ओढीतूनच मराठीत ख्रिस्तपुराण, ख्रिस्ती कीर्तन, टिळकांची भजने आणि रमाबाईंचा अनुवाद ही रूपे घडली. जन्माने नाकारलेला बोलण्याचा अधिकार पाचारणाने काहींना मिळवून दिला, तर सत्तेच्या साहचर्याने त्याच उपदेशाचा काही वेळा हुकूम झाला. या दोन्ही बाजू ध्यानात ठेवूनच या परंपरेचे मूल्यमापन करावे लागते.

४.४ पारिभाषिक शब्द

पाचारण – देवाने विशिष्ट कामासाठी बोलावणे.
सुवार्ता, शुभवर्तमान – ख्रिस्ताविषयीचा आनंदाचा संदेश.
पाळक – मंडळीची देखभाल करणारा धर्मसेवक.
संदेष्टा – देवाचा संदेश सांगणारा.
प्रेषित – कामगिरीवर पाठवलेला. विशेषतः येशूचे निवडक शिष्य.
वाक्-कृती – बोलण्यातून घडणारी कृती.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१) 'मला' हा घटक अनुभवकर्त्याच्या भूमिकेत आहे.
२) सार्वजनिकता, मजकुराशी इमान आणि स्पष्टता ही ती तीन लक्षणे होत.
३) कॅल्विनने अंतरीचे पाचारण आणि मंडळीने केलेले बाह्य पाचारण असे दोन प्रकार मानले.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१) 'पाचारण', 'आवाहन', 'निमंत्रण' आणि 'बोलावणे' या शब्दांतील अर्थभेद उदाहरणांसह स्पष्ट करा.
२) वाक्-कृतीच्या सिद्धान्ताच्या आधारे धर्मोपदेशकाच्या अधिकाराची चर्चा करा.
३) थॉमस स्टीफन्स आणि पंडिता रमाबाई यांच्या भाषिक निर्णयांची तुलना करा.
४) टीप लिहा : ख्रिस्ती कीर्तन, 'देवाचा दरबार'.

उपक्रम : आपल्या परिसरातील कोणत्याही धर्माचे एक प्रवचन, कीर्तन वा उपदेश प्रत्यक्ष ऐका. वक्ता स्वतःच्या बोलण्याला कोणता आधार देतो (ग्रंथ, गुरू, अनुभव, पद की लोकांचा विश्वास), याची उदाहरणांसह नोंद करा. वक्त्याने श्रोत्यांना नकार देण्यास किती वाव ठेवला, हेही त्याच्या वाक्यरचनेवरून तपासा.